पाच लिटर समुद्राची चोरी

१

बीबी गावातून समुद्र चोरीला गेला, ही मानवजातीच्या इतिहासातली पहिलीच घटना असावी. आजवर लोकांनी समुद्र ओलांडला, घुसळला, त्यावर हक्क सांगितले, त्यात बुडाले. पण तो कुणी उचलून नेल्याची नोंद कुठल्या पुराणात नाही आणि कुठल्या पोलीस ठाण्यातही नाही. या भीषण घटनेला दोनच गोष्टींनी थोडा उणेपणा येत होता. एक म्हणजे हा समुद्र पाच लिटरचा होता आणि काचेच्या बरणीत राहत होता. दुसरी म्हणजे चोरीनंतरही बरणी भरलेलीच होती.

इंद्रभान जमादार तेव्हा ओसरीवर बसून क्लॅरिनेट पुसत होते. शेजारची प्रतीक्षा अनवाणीच आली.

"जमादारकाका, माझा समुद्र चोरला कुणीतरी."

जमादारांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं. अख्खी नोकरी त्यांनी पोलीस खात्यात काढली होती, पण ती सगळी पोलीस बँडात. चोर त्यांनी पाहिले ते परेडच्या वाटेवर, लांबून, आणि तेही टाळ्या वाजवताना. गावाला मात्र पोलीस म्हणजे पोलीस. निवृत्त होऊन ते परतले तेव्हापासून गाव त्यांना जमादार म्हणत होतं, आणि ते एका चांगल्या गुन्ह्याची वाट पाहत होते.

"कोनता समुद्र?" त्यांनी विचारलं.

"अरबी."

"सगळा?"

"काका, बरणीतला!"

"बरनी गेली?"

"बरणी आहे."

"मंग पानी सांडलं."

"पाणीही आहे. अगदी माझ्या रेघेपर्यंत."

"म्हंजे बरनी हाये, पानी हाये, अन् चोरी झाली." जमादारांनी समाधानानं मान हलवली. "मोठ्या गुन्ह्यात असंच असते. बस, पोरी."

प्रतीक्षा गोव्याला एका संशोधन संस्थेत समुद्राचा अभ्यास करायची. किनाऱ्यापासून खूप आत, खूप खोल, अरबी समुद्रात एक पट्टा आहे. तिथं प्राणवायू जवळजवळ नसतोच. मासे तिथून मागे वळतात. पण काही जिवाणू तिथंच संसार थाटून असतात. श्वासाला प्राणवायू मिळत नाही म्हणून ते पाण्यातलं नायट्रेट वापरतात आणि त्याचा नत्रवायू करून सोडून देतात. नायट्रेट म्हणजे शेतातल्या युरियाचं पुढे जे होतं, तेच.

"म्हंजे हवा नाई भेटत म्हनून खत खातात?" जमादार म्हणाले. "लय गरीब लोक हायेत."

त्या पट्ट्यातलं पाणी जहाजावरून आणून बरण्यांत ठेवलं होतं. संस्थेच्या शीतखोलीची वीज गेली आणि बाकीच्या बरण्या नासल्या. वाचली ती एकच. सुट्टीत तिला रोज नायट्रेटचा खुराक कोण देणार, म्हणून प्रतीक्षानं ती मांडीवर घेऊन बसमधून बीबीला आणली. मग डोणगावला मावशीकडे साखरपुड्याला गेली, तिथं तापानं पडली, आणि ठरल्यापेक्षा बरेच दिवस अडकली. खुराक चुकला.

"नायट्रेट संपलं की दुसरे जिवाणू जोर करतात. पाण्याला सडक्या अंड्याचा वास सुटतो, तळ काळा पडतो. मी तेच पाहायची तयारी करून आले होते. पण वास नाही. पाणी स्वच्छ. नायट्रेट मी गेले तेव्हापेक्षा जास्त! आणि खारेपणा मोजला, तर तो खूपच उतरलेला. कुणीतरी समुद्र काढून नेला, आणि तेवढंच गोडं पाणी आत भरलं."

"बरं मंग?"

प्रतीक्षाचा आवाज बारीक झाला. "संध्याकाळी आमच्या अनुपमा मॅडमचा फोन येणार आहे. जिवाणू जिवंत असतील तर बरणी घेऊन निघ, मेले असतील तर ओतून रिकामी ये, असं म्हणाल्या. मेले असतील तर माझं काम बंद, काका. माझी जागा दुसऱ्याला जाईल. जिवंत आहेत का, हे नीट तपासायला आठवडा लागतो. पण आत कुठलं पाणी गेलं आणि ते कुणी घातलं, एवढं जरी कळलं, तरी मी आजच सांगू शकते."

जमादारांनी डोक्यावर टोपी चढवली.

"चोर असते तो नेते. दुश्मन असते तो सांडते," ते म्हणाले. "पन नेऊन पुन्हा भरून ठेवनारा मानूस मी खात्यात पाह्यला नाई."

खात्यात त्यांनी दुसराही कुठला पाहिला नव्हता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

२

बरणी माजघरात, धान्याच्या कोठीमागे अंधारात होती. वर काळं फडकं. खाली तोटी, वर फिरकीचं झाकण, आणि पाण्यावर दोन बोटं जाडीचा तेलाचा थर, हवा आत शिरू नये म्हणून.

"तेल तसंच आहे," प्रतीक्षा म्हणाली. "फुटलेलं नाही, फेस नाही. तोटीतून काढलं असेल, हे समजतं. पण वरून भरलं कसं? धबाधबा ओतलं असतं तर तेलाचे गोळे झाले असते आणि हवा आत गेली असती. हवा म्हणजे यांना विषच."

जमादारांनी बरणीला कान लावला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; पण बँडात प्रत्येक भानगडीला आधी कान लावायची त्यांना सवय होती. बरणी काही बोलली नाही.

पलीकडे देवघरासमोर प्रतीक्षाची आजी, अन्नपूर्णाबाई, वाती वळत बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग देवघर, सैपाकघर आणि न्हाणीघर एवढंच उरलं होतं, पण त्या जगात पान हललं तरी त्यांना कळायचं.

"काकू, या बरनीतलं पानी कोनं चोरलं?"

"चोरी?" अन्नपूर्णाबाईंनी वात मोडली नाही. "या घरात आजवर चोरी झाली नाई, इंदरभान. बरनी भरून हाये. पाहून घे, अन् पोरीले समजाव. तापानं डोक्स्यात गेलं तिच्या."

"पोरीचं काम बुडून राह्यलं, काकू."

"मंग बस. पानी पे. मंग शोध."

जमादार देवघराकडे वळून बसले. भांडी चिंचेनं घासून अशी लखलखत होती की त्यात टोपी नीट करून घेता यावी, त्यांनी घेतलीही. फक्त तांब्याच्या एका फुलपात्राच्या काठाला हिरवट झाक आली होती. काकू थकल्या बिचाऱ्या, असं त्यांना वाटलं. मान वळवली तर शेजारी पाण्यानं भरलेला गिलास. तो कधी भरला, कळलंच नाही.

पुढच्या खोलीत प्रतीक्षाच्या भावाच्या बायकोचं, डिंपलचं, ब्यूटी पार्लर होतं. आरसा, फिरती खुर्ची आणि भिंतीवर कधीच बीबीला न येणाऱ्या बायकांचे फोटो.

"डिंपल, तुले बरनीतलं पानी पाह्यजे होतं म्हने?"

"पाह्यजे होतं!" डिंपलनं कंगवा टेबलावर आपटला. "समुद्राच्या पाण्यानं केस असे लाटालाटा होतात, मोबाईलवर पाह्यलं मी. ताईनं थेंब दिला नाही. मंग मी नळाच्या पाण्यात मीठ कालवून गोजरबाईच्या पोरीच्या केसावर मारलं."

"मंग?"

"मंग सुतळी झाली. गोजरबाई अजून बोलत नाही माझ्याशी. बरंच आहे एका परीनं."

"नळाचंच पानी घेतलं? पक्कं?"

"मंग काय देवाचं घेऊ? आजी हात तोडून देतील. त्यांच्या देवाले नळ चालत नाही. नळाच्या आत चामड्याची वायसर असते म्हणे. माझ्या गिऱ्हाइकाले काय चामडं चालते! आज तर नळाले असा ब्लीचिंगचा वास येऊन राह्यला की केस न रंगवता पांढरे होतील."

प्रतीक्षानं जमादारांकडे पाहिलं. ब्लीचिंग पावडर. डिंपल खोटं बोलत असेल, तर बरणीत एकही जिवाणू उरला नसणार.

तेवढ्यात डिंपलनं आवाज खाली आणला. "काका, मले इचारता अन् यायले नाही इचारत? बरनीले हात कोनं लावला, ते अख्ख्या गावानं मोबाईलवर पाह्यलं."

३

'यायले' म्हणजे जीवनला. प्रतीक्षाचा भाऊ जीवन बसस्टँडजवळ शुद्ध पाण्याचे जार भरून विकायचा. त्याच्या मोबाईलवर खरोखरच एक फोटो होता: जीवन, मांडीवर बरणी, डोळ्यांवर काळा चष्मा, खाली ओळ, 'समुद्र आता बीबीत'.

"फोटोपुरती घेतली," तो म्हणाला. "झाकण उघडलं नाही, बापाची शप्पथ."

"बाप तुयाच हाये, माहा नाई. तुया धंदा पान्याचा. पानी काढलं की पानी भरायची तुले सवय."

"काका, आपून त्या खाऱ्या पान्याचं काय करनार? आपल्या तं धंद्याचा मुद्दाच हा की पान्यात काई नसलं पाह्यजे. अन् लोणारचं खारं पानी हाकेवर असताना हिनं इतक्या दुरून काऊन आनलं, हे मले अजून समजून नाई राह्यलं."

"लोणारचं पाणी वेगळं आहे, दादा."

"खारं ते खारं."

प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं, आणि तेही खारंच. जमादारांनी घाईनं विषय बदलला. "पोरी, नायट्रेट कशानं मोजलं तू?"

"कागदाच्या पट्ट्या आहेत. नायट्रेट असेल तर गुलाबी होते."

"मंग या गावात जेवढी पान्याची तऱ्हा, तेवढ्या पट्ट्या काढ."

हे त्यांना कसं सुचलं, ते त्यांनाही कळलं नाही. बँडात कुणाचं वाद्य बेसूर झालं हे ओळखायला मास्तर प्रत्येकाला एकेकट्यानं वाजवायला लावत, तेवढंच आठवलं होतं.

जीवनच्या जारचं पाणी एका पेल्यात आलं. पट्टी पांढरीच राहिली. आत खरोखर काही नव्हतं. जीवननं विजयानं बहिणीकडे पाहिलं. डिंपलनं नळाचं आणलं. पट्टीला जेमतेम रंग. नळाला तलावाचं पाणी, त्यात नायट्रेट कितीसं असणार.

"बरणीत नायट्रेट वाढलंय," प्रतीक्षा हळूहळू म्हणाली. "म्हणजे हे दोन्ही नाहीत. नळाचं असतं तर पट्टी इतकी गुलाबी झालीच नसती. काका, ब्लीचिंग गेलेलं नाही!"

"मंग तिसरं पानी पाह्यजे. ज्याच्यात युरिया मुरला, असं."

"शेतातल्या विहिरीचं."

असं पाणी या घरी येत होतं. गावातला भाजीवाला शेतकरी तुळशीराम रोज सकाळी टोपलीबरोबर अन्नपूर्णाबाईंच्या पूजेसाठी विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन यायचा. प्रतीक्षानं देवघरातल्या घागरीत पट्टी बुडवली. ती वर येईपर्यंत सदाफुलीसारखी गुलाबी झाली होती.

"तुळशीराम!" जीवन ओरडला. "म्या त्याले परवाच इचारलं, ताईच्या बरनीत काय हाये माहीत हाये का. सगळं समजावून सांगितलं त्याले, ते किडे नायट्रेट खातात म्हनून. मंग तो काय म्हनला, माहीत हाये?"

"काय?"

"म्हनला, असे किडे माह्या वावरात आले तं मी जित्ते नाई ठेवत."

४

तुळशीराम फुलकोबीच्या वाफ्याला पाणी देत होता. साधा माणूस, कोबीशी जितका बोलायचा तितका माणसांशी बोलत नसे.

"हो, म्हनलो मी," त्यानं फावडं न सोडता सांगितलं. "मरायलेच पाह्यजेत ते. सांगा जमादार, मी युरियाची गोनी आनतो, पाठीवर वाहतो, वाफ्यात टाकतो. अन् तो किडा म्हने त्याची हवा करून सोडून देते. हवा! मी काय हवेले खत घालून राह्यलो?"

प्रतीक्षाला हसू आवरेना. "काका, तुमच्या वावरात ते आधीपासूनच आहेत. चिखलात, पाणी साचलं की हेच चालतं. समुद्रातून यायची गरज नाही."

तुळशीरामचं फावडं थांबलं. त्यानं वाफ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्याच पंगतीत अनोळखी माणूस जेवताना पाहावं.

"तुळशीराम, खरं बोल," जमादार म्हणाले. "बरनीत काय ओतलं? विहिरीचं पानी? का फवारनीचं औषध?"

फवारणीचं औषध! प्रतीक्षाचं हसू उडालं. विहिरीचं पाणी गेलं, हे पट्टीनं सांगितलं होतं. पण त्या पाण्याबरोबर आणखी काय गेलं, हे पट्टी सांगत नव्हती. मारायच्या इच्छेनं हात घातलेला असेल तर सगळं संपलं.

"ओतलं नाई," तुळशीराम म्हणाला. "इच्छा झाली, खोटं कायले बोलू. पन काकूच्या माजघरात मी पाय ठेवला नाई कधी. दारातच तांब्या रिकामा करतो."

"कसा करतोस?"

"कसा म्हंजे? असा."

तुळशीरामनं तांब्या भरला, खांद्याच्या उंचीवर नेला आणि पलीकडच्या घमेल्यात उपडा केला. धडधड आवाज झाला, पाणी उडालं, जमादारांची टोपी भिजली, आणि बांधावरचे दोन बगळे उठून गेले.

जमादार हललेही नाहीत. ते डोळे मिटून उभे होते. बँडमास्तर म्हणायचे, इंद्रभान, वाजलेलं सगळ्यांना ऐकू येतं. जे वाजलं नाही ते ऐक, चूक तिथं असते.

आणि आज सकाळपासून काय वाजलं नव्हतं, ते त्यांना एकदम ऐकू आलं.

"पोरी," ते म्हणाले, "चाल घरी. हा तो नाई. याच्या हातानं तेलाचा थर फुटला नाई, हे होऊच शकत नाई."

"मग कोण?"

जमादारांनी टोपी पिळली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चोर सापडला होता, आणि त्यांना अजिबात बरं वाटत नव्हतं.

५

माजघरात सगळे जमले: जीवन, डिंपल, तुळशीरामही उंबऱ्याबाहेर. अन्नपूर्णाबाई आपल्या पाटावर. जमादारांना अशा वेळी येरझाऱ्या घालायच्या असतात हे माहीत होतं, पण माजघर लहान होतं, दोन पावलांत कोठी लागायची. म्हणून ते बसले.

"काकू, पानी द्या जरा."

अन्नपूर्णाबाईंनी घागर तिरपी केली. पाण्याची धार गिलासाच्या काठाला टेकून, आतल्या भिंतीवरून सरपटत खाली गेली. गिलास भरला. आवाज म्हणून झाला नाही.

"ऐकलं?" जमादारांनी विचारलं.

"काय?" जीवन म्हणाला.

"तेच. काई नाई ऐकलं. सकाळी माह्याजवळ असाच गिलास भरला, मले समजलं नाई. मी बँडातला मानूस. माह्या कानाजवळ कोनी पानी ओतलं अन् मले समजलं नाई, म्हंजे ओतनाऱ्याचा हात येगळाच पाह्यजे." ते वळले. "डिंपल, तूच सांगितलं, काकूच्या देवाले नळ चालत नाई. जारचं तं इचारायलेच नको. मंग काकूच्या हाती पानी उरलं येकच, तुळशीरामच्या विहिरीचं. अन् देवघरात सगळी भांडी लखलख, येका फुलपात्राले तेवढा हिरवा काठ. तांब्याले मिठाचं पानी रोज लागलं की असं होते. चिंचेनं आज काढलं की उद्या पुन्हा येते. हो ना काकू?"

प्रतीक्षा आजीकडे पाहत होती.

"चोरलं तं मी नाई म्हनत," अन्नपूर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "घेतलं. रोज येक फुलपात्र. आंगोळीच्या बकेटीत."

"आजी!"

"ओरडू नको. पाय चालत होते तवा कुठं जाता आलं नाई, अन् आता पाय नाई. गंगा राह्यली, गोदावरी राह्यली, नर्मदा राह्यली. मंग तू हे आनून ठेवलं. म्या इचार केला, सगळ्या नद्या जातात कुठं? समिंदरात. मंग येकायेका नदीले कायले पाहू? येका फुलपात्रात सगळ्या आल्या. गुडघ्याले पन बरं वाटलं, खोटं नाई बोलत."

"पण मग भरून का ठेवलं?"

अन्नपूर्णाबाईंनी सगळ्यांकडे असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट या शिकलेल्यांना कुणी सांगितली नाही का. "गंगाजळाचा लोटा कसा असते घरात? जेवढं घेतलं तेवढं साधं पानी टाकायचं. आतली गंगा त्याले गंगा करून घेते. माह्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनंबी. तो लोटा कधी सरला नाई. समिंदर तं गंगेपेक्षा मोठा. मंग सरन कसा?"

जीवन काहीतरी बोलणार होता. डिंपलनं त्याच्या पायावर पाय दिला.

जमादारांनी घसा साफ केला. पुढचा प्रश्न तपासातला शेवटचा होता आणि सगळं त्याच्यावर होतं. "काकू, टाकलं कसं? वरतं तेल होतं."

"तेल होतं म्हनून तं समजलं, हे देवाचं हाये. काचेच्या समईत नाई का, खाली पानी, वरतं तेल? झाकन उघडलं, लोट्याची धार काठाले टेकवली अन् सोडली. गंगाजळात टाकताना धार वाजू द्यायची नसते. वाजली की पुन्य उडून जाते."

"दुसरं काई टाकलं? औषध? मीठ?"

"हळद-कुंकू लावलं बरनीले, बाहेरून. तेबी पुसून टाकलं. पोरगी रागावते म्हनून."

प्रतीक्षा खाली बसली. बोटांवर काहीतरी मोजत होती, ओठ हलत होते, आणि त्या ओठांवरून कुणालाही काही कळत नव्हतं. मग तिनं बरणीवरचं फडकं काढलं.

"मी डोणगावला पडून होते, तेव्हा हे उपाशी मरायला पाहिजे होते," ती म्हणाली. "नायट्रेट संपायला पाहिजे होतं, सडका वास सुटायला पाहिजे होता. सुटला नाही. कारण आजी रोज त्यांना विहिरीतलं नायट्रेट वाढत होती. माझ्यापेक्षा जास्तच! आणि तेल न फोडता. थोडी हवा गेली असेल, ती आतल्यांनी केव्हाच संपवली असणार."

"म्हंजे जित्ते हायेत?" तुळशीरामनं बाहेरून विचारलं. आवाजात थोडी निराशा होती.

जमादारांनी पुन्हा बरणीला कान लावला. या वेळी सगळ्यांनी श्वास रोखला. तळाच्या गाळातून एक बुडबुडा सुटला, पाण्यातून डुलत वर आला, तेलाच्या खाली क्षणभर अडला आणि हळूच फुटला.

"कोमल निषाद," जमादार म्हणाले.

"नत्रवायू," प्रतीक्षा म्हणाली, आणि रडायला लागली. डिंपलनं तिला जवळ घेतलं आणि मायेनं तिचे केस तपासले. टोकं खराब झाली होती.

६

संध्याकाळी फोन आला. प्रतीक्षानं अनुपमा मॅडमना सगळं सांगितलं, गंगाजळासकट. समुद्र थोडा पातळ झालाय, हेही लपवलं नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. जमादारांनी तीही लक्ष देऊन ऐकली आणि मान हलवली. चांगली शांतता होती.

"बरणी घेऊन उद्या निघ," मॅडम म्हणाल्या. "पातळ झाला तर झाला, एवढ्या बदलातही ते कसे टिकले हेच आता पाहू. तुझी जागा कुठे जात नाही. आणि फोन आजींना दे."

फोन मोठ्या आवाजावर लागला. घरातले सगळे जवळ सरकले. जमादारांनी टोपी सरळ केली. तपास त्यांनी केला होता, निदान उल्लेख तरी व्हायला हवा होता.

"आजी, नमस्कार," मॅडमचा आवाज भरून आला होता. "आम्ही एवढी यंत्रं लावूनही जे सांभाळू शकलो नाही, ते तुम्ही सांभाळलंत. या मुलीची सगळी मेहनत तुमच्यामुळे वाचली. माझ्याकडून तुम्हाला काहीतरी द्यायचं आहे. संकोच करू नका. इथं या, आपल्या जहाजावरून तुम्हाला खरा समुद्र दाखवते. किंवा आणखी काही हवं असेल तर सांगा. काय वाटेल ते सांगा."

प्रतीक्षाचे डोळे पुन्हा भरले. जीवननं मनातल्या मनात आजीला गाडीत कसं बसवायचं ते ठरवूनही टाकलं.

अन्नपूर्णाबाईंनी बराच विचार केला. एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे. मग फोन तोंडाजवळ नेला.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या तिकडं आमसूल चांगलं भेटते म्हने. मले पित्त होते. पावशेर पाठवता का? पन नीट वाळवून पाठवजा. ओलं असलं की बुरशी धरते, अन् मंग तुमी त्याच्यावरच अभ्यास करत बसान."